'मीन' शब्दाचीं तीन कुळें

इंग्रजी शिकणाऱ्या आमच्या मुलांस जे शब्द पहिल्या दोन-तीन वर्षांत भेटतात, त्यांविषयीं त्यांचा पुढें जन्मभर एक गैरसमज राहतो. तो असा कीं, हे शब्द आपणांस येतात. एखादा लांबलचक लॅटिन शब्द आडवा आला म्हणजे विद्यार्थी दबकतो, कोश उघडतो, चार ठिकाणीं विचारतो, आणि अखेर त्या शब्दाचा नेमका अर्थ मिळवून सुखरूप पुढें जातो. पण 'फेअर', 'फास्ट', 'काइंड', 'मीन' असले आखूड शब्द आले कीं तो थांबत नाहीं. जुने इंग्रजी काव्य वाचतांना ठेच लागते ती बहुधा याच शब्दांपाशीं, आणि दुर्दैव असें कीं, ती लागली हें वाचणाराला कळतही नाहीं.

प्रस्तुत लेखासाठीं आम्हीं यांपैकीं 'मीन' हा शब्द घेतला आहे. (संस्कृतांतील मीनाशीं, म्हणजे माशाशीं, याचा कांहीं एक संबंध नाहीं हें सांगावयास नको, हातांतून निसटण्याचा गुण तेवढा दोघांत सारखा आहे.) आमच्या शाळेंतील मास्तरांनीं या शब्दापुढें फळ्यावर 'नीच, कंजूष' एवढे दोन प्रतिशब्द लिहून दिले होते, व ते आम्हीं वहींत उतरून घेतले होते. पुढें कांहीं वर्षांनीं वर्ड्स्वर्थचें बालपणाच्या अमर स्मृतींवरील प्रसिद्ध स्तोत्र वाचीत असतां त्याच्या अगदीं शेवटीं कवीनें याच विशेषणाचें तमभाववाचक रूप एका फुलास लावलेलें दिसलें, आणि आम्ही चमकलों. फूल कंजूष कसें असेल? आणि नीच तरी कसें? फळ्यावरचे दोन शब्द आणि कवीचें तें फूल यांमधलें अंतर किती आहे आणि तें कसें पडलें, याचा शोध घेण्याची इच्छा तेव्हांपासूनची आहे.

पहिली गोष्ट ही कीं, 'मीन' हा एक शब्द नव्हेच. ऑक्सफर्डचा जो थोरला कोश १८८४ पासून १९२८ पर्यंत भागाभागानें प्रसिद्ध झाला, त्यांत या एकाच रूपाखालीं निरनिराळीं मूळपदें स्वतंत्रपणें दिलेलीं आहेत. घराण्यांच्या भाषेंत बोलावयाचें तर तीन वेगवेगळ्या कुळांतील माणसें एकाच नांवानें एका गल्लींत राहावयास आलीं, शेजाराशेजारानें वाढलीं, आणि कालांतरानें लोकांनीं त्यांस भाऊ समजून एकाचें कर्ज दुसऱ्याच्या खात्यावर मांडलें, तसा हा प्रकार आहे.

पहिलें कूळ क्रियापदाचें. जुन्या इंग्रजींतील 'मॅनन' म्हणजे मनांत असणें, सांगूं इच्छिणें; जर्मन भाषेंतील 'मायनेन' हा याचा सख्खा भाऊ. कांहीं पंडित याचा संबंध आपल्या 'मन्' धातूशीं लावतात; इतरांस तें मान्य नाहीं. जुन्या इंग्रजींत याच रूपाच्या क्रियापदाचा अर्थ विलाप करणें, गाऱ्हाणें सांगणें असाही होत असे, आणि कण्हणें या अर्थाचा आजचा 'मोन' हा त्या बाजूचा वारस आहे. या कुळाविषयीं अधिक लिहिण्याचा मोह आम्ही आवरतों, कारण तें लिहूं लागल्यास सारें तत्त्वज्ञानच लिहावें लागेल. ऑग्डन आणि रिचर्ड्स या दोघां विद्वानांनीं १९२३ सालीं अर्थाच्या अर्थावर एक संबंध ग्रंथ लिहिला व त्यांत अर्थ या कल्पनेच्या सोळा मुख्य व्याख्या मांडून दाखविल्या. त्यांच्या पन्नासाहून अधिक वर्षें आधीं, १८७१ त, लुईस कॅरोलच्या हम्टी डम्टीनें भिंतीवर बसून तोच प्रश्न दोन वाक्यांत निकालांत काढला होता; शब्दाचा अर्थ काय हें शब्दाचा धनी ठरवील असा त्याचा बाणा होता. तो भिंतीवरून पडला हें खरें, पण तें या मतामुळें नव्हे.

दुसरें विशेषणाचें कूळ आम्ही जरा मागें ठेवतों, कारण लेखाचा सारा जीव तेथें आहे. तिसऱ्या कुळाचा मूळपुरुष लॅटिन 'मेदियानुस', म्हणजे मधला. याच घराण्यांतील 'मेदियुस' आणि आपला 'मध्य' हीं एकाच आजोबांचीं नातवंडें होत. लॅटिनमधून फ्रेंचांत आल्यावर शब्द झिजून 'मोयां' झाला, आणि नॉर्मन राज्यकर्त्यांच्या तोंडून इंग्लंडांत शिरला तेव्हां त्याचें 'मीन' झालें. ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्रांतील मध्यमावस्था इंग्रजींत याच शब्दानें ओळखली जाते. होरेस या रोमन कवीनें तिला सोन्याची उपमा दिली, इंग्रजीनें ती उचलली, आणि आपल्या वृत्तपत्रांतून दर आठवड्यास कोणीतरी काढीत असलेला 'सुवर्णमध्य' हा त्याच उपमेचा मराठी अवतार. जुन्या इंग्रजी संगीतांत वरचा आणि खर्जाचा यांच्या मधल्या आवाजास 'मीन' म्हणत, व शेक्सपिअर या पारिभाषिक शब्दावर वारंवार कोट्या करतो. गणितांतील मध्य तो हाच. ज्योतिषांतही इंग्रज ज्या कल्पित, समगतीनें चालणाऱ्या सूर्यावरून घड्याळ लावतो, त्यास हेंच विशेषण लागतें. खरा सूर्य त्याच्या पुढेंमागें वर्षांतून कांहीं दिवस सोळा मिनिटांपर्यंत चुकतो. आमच्या जुन्या ज्योतिषांस हें नवें नव्हतें. सूर्यसिद्धान्ताचा पहिला अध्याय मध्यमाधिकार, आणि कोंकणांतील नांदगांवच्या गणेश दैवज्ञानें शके १४४२ त, म्हणजे १५२० सालीं, रचलेल्या ग्रहलाघवांतही आधीं मध्यम ग्रह काढावा, मग तो स्पष्ट करावा, हाच क्रम आहे. मध्यम म्हणजे तेथें वाईट नव्हे. मध्यम म्हणजे जेथून खऱ्याकडे जावयाचें तें ठिकाण.

याच मधल्या शब्दाचें बहुवचन 'मीन्स'. दोहोंच्या मध्यें असतें तें मध्यस्थ; मध्यस्थ ज्याच्या द्वारें काम साधतें तें साधन; आणि साधनांत मोठें साधन पैसा. अशा रीतीनें मधला या अर्थाच्या शब्दानें श्रीमंतीचा अर्थ धारण केला. येथें मराठी वाचकास एक मौज दाखविल्यावांचून पुढें जाववत नाहीं. इंग्रजींत शब्दाचा आशय सांगणारें 'मीन' आणि पैशाचा संग्रह सांगणारें 'मीन्स' यांचा रक्ताचा संबंध नाहीं. ध्वनींच्या झिजेनें दोघे एकत्र आले. आमच्याकडे मात्र एकटा 'अर्थ' शब्दच आशय, हेतु आणि द्रव्य या तिन्ही गोष्टी मुळापासून वाहून नेतो. पुरुषार्थांतला अर्थ, वाक्याचा अर्थ आणि अर्थशास्त्रांतला अर्थ एकच. इंग्रजांस जें अपघातानें मिळालें तें आम्हांस वारशानें मिळालें आहे. पण या दोन गोष्टींचा अर्थाअर्थीं संबंध काय, असें आम्ही याच शब्दानें विचारतों आणि आपण काय बोललों याकडे लक्ष देत नाहीं.

आतां दुसरें कूळ. जुन्या इंग्रजींत 'गेमॅने' असा एक शब्द होता. जर्मन 'गेमाइन' तोच, आणि लॅटिन 'कोम्मूनिस', म्हणजे आजचा 'कॉमन', हा त्याचा चुलतभाऊ. मूळ कल्पना देवघेवीची: संस्कृतांत 'मयते' म्हणजे अदलाबदल करतो, ज्यावरून आपला 'विनिमय'. म्हणजे जें परस्परांत वांटून घेतलेलें, चौघांच्या मालकीचें, तें 'मीन'. गांवाचें सामाईक गायरान 'मीन', सर्वांची वाट 'मीन'. या शब्दांत निंदेचा लवलेशही नव्हता. उलट त्यांत एक प्रकारचें बंधुत्व होतें.

पुढें काय झालें तें सांगण्यास फार वेळ लागत नाहीं, पण होण्यास शतकें लागलीं. जें सर्वांचें तें कोणा एकाचें नव्हे. जें कोणा एकाचें नव्हे तें विशेष नव्हे. जें विशेष नव्हे तें साधारण. आणि साधारण तें हलकें. त्याच सुमारास फ्रेंचांकडून आलेला मधला 'मीन' शेजारीं येऊन बसला. मधला म्हणजे उत्तम नव्हे, म्हणून बेताचा. या बेताच्या अर्थानें सामाईकपणाच्या अर्थास आणखी खालीं ओढलें. मग 'मीन' माणूस म्हणजे कुळानें सामान्य माणूस. मग सामान्य कुळांतल्या माणसाची मनोवृत्ति ती 'मीन' मनोवृत्ति. मग कोत्या मनाचा तो 'मीन', मग तो उमरावाच्या पोटीं जन्मलेला कां असेना. इंग्लंडांत त्यास चिकटलेला कंजूष हा अर्थ आणि अमेरिकेंत चिकटलेला दुष्ट, खुनशी हा अर्थ हे अलीकडच्या दोन-तीन शतकांतले. विसाव्या शतकांत तर अमेरिकन बोलींत एखादा वाद्य फार सुंदर वाजवितो म्हणावयाचें तर त्यास हेंच विशेषण लावूं लागले; म्हणजे खालीं पडतां पडतां शब्द दुसऱ्या बाजूनें वर आला. 'डिमीन' या क्रियापदाची गत याहून चमत्कारिक. तें मूळचें वागणें या अर्थाचें, कूळ निराळें; पण त्यांत 'मीन' ऐकूं येतो एवढ्यावरून लोकांनीं त्यास स्वतःस हलकें करून घेणें हा अर्थ दिला. ज्याची बदनामी झाली त्याच्यासारखें नांव असणेंही धोक्याचें असतें.

सी. एस. लुईस यांनीं १९६० सालच्या आपल्या शब्दविषयक ग्रंथांत या क्रियेस दर्जावाचक शब्दांचें नीतिवाचक होणें असें म्हटलें आहे. शेतावर राबणारा कूळ तो 'व्हिलन', आणि आज नाटकांतला खलपुरुष 'व्हिलन'. चांगल्या कुळांत जन्मलेला तो 'जेंटल', आणि आज सौम्य स्वभावाचा तो 'जेंटल'. लुईस यांची मीमांसा सूक्ष्म आहे. परंतु ती वाचतांना आम्हांस असें वाटत राहिलें कीं, भाषेच्या या व्यवहारांत ज्यांच्याविषयीं बोललें जात होतें, त्यांच्या हातीं लेखणी नव्हती, ही गोष्ट त्यांनीं फार शांतपणें घेतली आहे.

आतां वाङ्मयाकडे वळूं. शेक्सपिअरच्या काळीं हीं तिन्ही कुळें जिवंत होतीं आणि बोलणारास तीं एकाच वेळीं ऐकूं येत. 'व्हेनिसचा व्यापारी' या नाटकाच्या पहिल्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशांत कंटाळलेल्या पोर्शियाला तिची दासी नेरिसा समजाविते कीं, अति खाऊन आजारी पडणारे आणि उपाशी राहून आजारी पडणारे सारखेच. तेव्हां मध्यावर आसन मिळणें हें कांहीं लहान सुख नव्हे. यांतील 'लहान' आणि 'मध्य' या दोन्ही जागीं मूळांत 'मीन' आहे. एकीकडे दुसऱ्या कुळाचा 'मीन', दुसरीकडे तिसऱ्याचा. शिवाय बोलणारी कोण, तर दासी. समाजाच्या दृष्टीनें स्वतःच 'मीन'. हलक्या मानलेल्या माणसाच्या तोंडून मध्यम स्थितीची थोरवी, आणि तीही त्याच एका शब्दानें. १६०० सालच्या छोट्या प्रतींत हा पाठ आहे. १६२३ च्या मोठ्या संग्रहांत मात्र पहिल्या 'मीन'च्या जागीं 'स्मॉल' छापला गेला आहे. अर्थ बिघडला नाहीं. कोटी मात्र गेली. हा बदल कोणीं केला तें सांगतां येत नाहीं, पण ज्यानें केला त्यास एकच शब्द दोनदां आला हा दोष वाटला असावा. पुनरुक्ति काढून भाषा नीट करणारे संपादक सर्वत्र असतात, आणि ते बहुधा नेमक्या जागीं हात घालतात.

याहून मोठा प्रसंग 'किंग लियर' नाटकांतला. चवथ्या अंकाच्या आरंभीं डोळे काढलेला ग्लॉस्टर रस्त्यावर येतो. त्याचा हात धरून एक म्हातारा कूळ चालला आहे; ऐंशी वर्षें ग्लॉस्टरच्या आणि त्याच्या बापाच्या जमिनीवर राबलेला. तुम्हांला वाट दिसत नाहीं, असें तो म्हणतो. ग्लॉस्टर उत्तर देतो कीं, मला वाटच उरली नाहीं, मग डोळे कशाला; डोळे होते तेव्हांच मी ठेंचकाळलों. आणि त्यापुढें तो एक सिद्धान्त सांगतो. त्यांत दोन पदें आहेत: आमचे 'मीन्स' आम्हांस 'सिक्युअर' करतात, आणि आमच्या उणीवाच अखेर आमच्या उपयोगीं पडतात.

अठराव्या शतकांतील संपादकांस हें वाक्य कळेना. 'सिक्युअर' म्हणजे सुरक्षित. साधनें सुरक्षित करतात हें तर उघडच आहे, मग आंधळ्यानें तें एवढ्या कळवळ्यानें सांगावें कां? आणि पुढील अर्ध्या वाक्याशीं तें जुळत नाहीं. म्हणून बहुवचनाचें एकवचन झालें, आणि वॉर्बर्टननें त्याचा अर्थ दिला मध्यम स्थिति. हॅन्मरनें आणखी पुढें जाऊन 'मीननेस', म्हणजे दीन स्थिति, असा शब्दच घातला. १७६५ सालीं डॉक्टर जॉन्सननें आपली आवृत्ति काढली तेव्हां त्यास दोन्ही पटलीं नाहींत. दीन दशा या अर्थीं 'मीन' हें नाम आपण पाहिल्याचें स्मरत नाहीं, आणि मध्यम स्थिति या अर्थींही होरेसच्या त्या सोन्याच्या शब्दप्रयोगावांचून इतरत्र नाहीं, असें तो म्हणतो. मग तो आपल्या दोन कल्पना पुढें करतो: साधनें आम्हांस भुलवितात, असें असावें, किंवा आमचीं व्यंगें आम्हांस राखतात, असें असावें.

जॉन्सनविषयीं आमचा आदर मोठा आहे. ज्यानें जवळजवळ एकट्यानें १७५५ चा कोश रचला, त्यास शब्द शिकविण्याचा आव आम्ही आणीत नाहीं. पण नेरिसेचें वाक्य त्याच नाटककाराचें आहे, तें नाटक जॉन्सननें स्वतः संपादिलेलें आहे, आणि तेथें 'मीन' हें नाम मध्यम स्थिति याच अर्थीं, सोन्याच्या मुलाम्यावांचून, स्वच्छ उभें आहे. तेव्हां त्याचें स्मरण येथें त्यास दगा देऊन गेलें असें म्हणणें प्राप्त आहे. त्याहून महत्त्वाचें असें कीं, खरी अडचण 'मीन्स' शब्दांत नव्हतीच. ती शेजारच्या शब्दांत होती. 'सिक्युअर' हा लॅटिन शब्द. 'से' म्हणजे वांचून, 'कूरा' म्हणजे काळजी. शेक्सपिअरच्या काळीं त्याचा निष्काळजी, बेफिकीर हा अर्थ चांगला प्रचारांत होता; 'मॅक्बेथ'मध्येंही त्याचें नाम याच अर्थानें आलें आहे. म्हणजे ग्लॉस्टर म्हणतो तें असें कीं, ऐपत माणसास गाफील करते. जुना पाठ जसाच्या तसा ठेवून अर्थ लागतो, व अलीकडचे संपादक बहुधा तो तसाच ठेवतात.

परंतु केवळ पाठ वांचला म्हणून आमचें समाधान होत नाहीं. वॉर्बर्टन आणि हॅन्मर चुकले हें खरें. तथापि ते चुकले त्या ठिकाणीं कांहींतरी ऐकूं येत होतें. ग्लॉस्टर 'मीन्स' म्हणतो तेव्हां त्याच्या शेजारीं एक 'मीन' माणूस उभा आहे. जन्मभर त्याच्या जमिनीवर राबलेला, आज त्याची काठी झालेला. थोड्याच वेळांत नागडाउघडा वेडा टॉम येतो, जो वास्तविक त्याचा थोरला मुलगा एडगर आहे, आणि ज्यानें जीव वांचविण्याकरितां हलक्यांतलें हलकें रूप घेतलें आहे. ग्लॉस्टर आपली पैशांची थैली त्यास देतो व देवांस सांगतो कीं, ज्यांच्यापाशीं अति झालें आहे त्यांस तुमचें सामर्थ्य कळूं द्या, म्हणजे वांटणीनें अति नाहींसें होईल आणि प्रत्येकास पुरेसें मिळेल. हें पुरेसें म्हणजेच नेरिसेचा मध्य. साधनवाले, साधनहीन, आणि मधलें आसन: एका शब्दाचीं दोन कुळें या प्रवेशांत रंगभूमीवर हिंडत आहेत, आणि तिसरें, म्हणजे मनांत काय होतें याचें कूळ, संपादकांच्या टिपांत हिंडत आहे. मराठींत विंदा करंदीकरांनीं १९७४ सालीं 'राजा लिअर' आणला, आणि त्याआधीं १९७० त शिरवाडकरांच्या 'नटसम्राट'नें त्याच कथेचा आमच्या घरांतील करुण अवतार दाखविला. अनुवादकास येथें 'ऐपत' म्हणावें लागेल, फार तर 'साधनें'. आणि तसें म्हणतांच तो म्हातारा कूळ त्या शब्दांतून बाहेर पडतो. याबद्दल अनुवादकास दोष देणें अन्यायाचें होईल. मूळांतल्या या गुंफणीची भरपाई नटानेंच त्या म्हाताऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून केली तर होईल.

मराठींत असे घसरलेले शब्द नाहींत असें नाहीं. 'प्राकृत' म्हणजे स्वाभाविक. पण प्राकृत जन म्हणतांच नाक मुरडलें जातें. 'नीच' म्हणजे नुसता खालचा, आणि पंचांगांत आजही ग्रह नीचीचा असतो म्हणजे त्यानें कांहीं पाप केलेलें नसतें. पण माणसास तो शब्द लावला कीं शिवी होते. गांवांत राहणारा तो गांवंढळ, आणि गांवचें तें ग्राम्य. यांतील शेवटचा शब्द आमच्या साहित्यशास्त्रानें दोष म्हणून नोंदलेला आहे. मम्मटानें काव्यप्रकाशांत ग्राम्य पदाचें उदाहरण म्हणून 'कटि' हा शब्द दिला आहे. आजच्या वाचकास त्यांत गांव कोठें आहे हें शोधूनही सांपडणार नाहीं. जॉन्सननें १७५१ सालीं आपल्या 'रॅम्ब्लर' नियतकालिकांत नेमका हाच खटला शेक्सपिअरवर भरला. मॅक्बेथ नाटकांतील खुनाच्या आवाहनांत सुरी आणि घोंगडी हे शब्द यावे, हें त्यास रुचत नाहीं. सुरी खाटिकाची आणि स्वयंपाक्याची, तिच्या उच्चारानें भयाच्या जागीं तिटकारा येतो, आणि घोंगडीच्या उच्चारानें तर हसूं येतें, असें त्याचें म्हणणें. (तें भाषण त्यानें मॅक्बेथच्या तोंडीं घातलें आहे, तें आहे लेडी मॅक्बेथचें.) मात्र आपण हें हसूं शेक्सपिअरमुळें नव्हे तर आपल्या संवयीमुळें हसतों, शब्द हलके होतात ते ते वापरणाऱ्या लोकांमुळें, हें ओळखण्याइतका तो प्रामाणिक आहे. सुरी खाटिकाची म्हणून हलकी. खाटिक कां हलका, हें मात्र त्यानें विचारलें नाहीं.

वर्ड्स्वर्थनें तें विचारलें, पण अर्धवट. १८०० सालच्या आपल्या गाजलेल्या प्रस्तावनेंत खेडुतांच्या जीवनाचा आणि भाषेचा पक्ष घेत असतांच, कांहीं समकालीन कवींच्या विचारांतील व भाषेंतील 'मीननेस'विषयीं जी ओरड चालू होती, ती आपण ऐकली आहे असें तो सांगतो, आणि हा दोष दोषच असें कबूल करतो. म्हणजे टीकाकार म्हणून लिहितांना त्याच्या लेखणींतून हा शब्द निंदेचा होऊन उतरतो. कवि म्हणून लिहितांना, १८०७ त छापलेल्या त्या स्तोत्राच्या शेवटीं, तोच शब्द फुलाच्या कपाळावर टिळ्यासारखा बसतो. एकाच माणसाच्या दोन हातांनीं एकाच शब्दाला दोन वागणुकी दिल्या. आणि आमच्या मतें कवीचा हात अधिक शहाणा होता. नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' १९७२ त आला तेव्हां मराठी वाचकांतही हाच झगडा झाला. त्याला प्रस्तावना लिहिणाऱ्या विजय तेंडुलकरांनीं त्यांतील अनेक शब्दांचे अर्थ कवीकडूनच समजून घेतले. ज्यांस अर्थच ठाऊक नव्हते अशा कित्येकांनीं ते शब्द ग्राम्य आहेत एवढें मात्र निश्चयानें सांगितलें होतें.

या शब्दाची अब्रू शाबूत राहिलेली एक जागा म्हणजे नकार. 'नो मीन' म्हटलें कीं निंदा उलटून स्तुति होते. १६११ च्या इंग्रजी बायबलांत संत पॉल आपल्या टार्सस शहराची ओळख याच नकारानें करून देतो. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ खूण नसलेलें, अप्रसिद्ध, एवढाच आहे. हीच उक्ति किप्लिंगनें आपल्या जन्मस्थानास, म्हणजे मुंबईस, अर्पण केलेल्या कवितेंत घेतली. त्याचा जन्म १८६५ त तेथें झाला होता. आणि १९३५ सालीं ग्लासगोच्या गरीब वस्तीवर लिहिलेल्या एका कादंबरीचें नांवही तेंच ठेवण्यांत आलें, तेव्हां नकाराच्या आड पुन्हा मूळचा अर्थ डोकावूं लागला.

राहतां राहिलें तें फूल. फळ्यावरच्या 'नीच'ला तेथें जागा नाहीं, हें एव्हांना वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल. 'क्षुद्र' म्हणावें तर त्यांत तुच्छता येते; 'साधें' म्हणावें तर तमभाव नाहींसा होतो; 'नगण्य' म्हणावें तर फूल हिशेबाच्या वहींत जातें. आम्हीं बरेच दिवस विचार करून 'यःकश्चित्' या शब्दावर बोट ठेवलें आहे. संस्कृतांत त्याचा अर्थ जो कोणी, कोणीही एक; त्यांत हीनता मुळीं नाहीं. मराठींत येऊन तो घसरला आणि क्षुल्लक झाला. जुन्या इंग्रजींतील तो चौघांचा शब्द ज्या वाटेनें गेला, त्याच वाटेनें हा गेला आहे, आणि कान देऊन ऐकल्यास त्याच्याही पोटांत ते चौघे अद्याप ऐकूं येतात. त्या ओळीच्या मृदु लयींत त्याचा विसर्ग थोडा खडखडतो, ही अडचण मात्र आम्हांस अजून सोडवितां आलेली नाहीं.